25 अंश वजा केले म्हणून पोई फुगत नाही

चतुर्थी झाल्यापासून आमच्या घरच्या आणि वाड्यावरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. ओव्हनची कुठलीही रेसिपी एअर फ्रायरमध्ये करायची तर तापमान 25 अंशांनी कमी करा, वेळ 20 टक्क्यांनी कमी करा. आधी गरम करायला नको, तेलाचा थेंब नको, आणि ओव्हनमध्ये होतं ते सगळं यात होतं. फोंड्याच्या माझ्या वहिनीने यावर विश्वास ठेवून पाहुण्यांसाठी सहा रेशाद बांगडे, म्हणजे लाल तिखट मसाला भरलेले, एकदम लावले. वरचा मसाला जळून काळा झाला, पोटातला कच्चा राहिला आणि काट्यालगतचं मांस अजून गुलाबीच होतं. वहिनीचा हात चांगला आहे. चूक त्या मेसेजची आहे.

पहिली गोष्ट, हे 25 अंश कुठले? हा आकडा अमेरिकन स्वयंपाकघरातून आला आहे आणि तिथे फॅरनहाइट चालतं. फॅरनहाइटमधला 25 अंशांचा फरक म्हणजे आपल्या सेल्सिअसमध्ये जेमतेम 14. मेसेज पुढे ढकलताना कुणीतरी एकक गाळलं आणि आकडा तसाच राहिला. आता 180 ची रेसिपी 155 वर लावली की बटाटा भाजत नाही, नुसता वाळतो. त्यात काही ब्रिटिश पुस्तकांत पंख्याच्या ओव्हनसाठीचं तापमान वेगळं दिलेलं असतं, म्हणजे कपात आधीच झालेली असते. त्यातून पुन्हा वजा केलं तर पदार्थाला ताव उरतच नाही.

कपात का करतात हे कळलं तर ती कुठे करू नये हेही कळतं. एअर फ्रायर म्हणजे छोटा, पंख्याचा ओव्हन. वर कॉइल, तिच्यावर पंखा, खाली भोकांची टोपली. गरम वारा पदार्थाभोवतीची दमट हवा सतत उडवून लावतो, म्हणून तेवढ्याच तापमानाला पृष्ठभाग लवकर सुकतो आणि लवकर रंगतो. ओलं असेपर्यंत पृष्ठभाग 100 अंशांच्या फारसा वर जात नाही आणि खरपूस रंग यायला साधारण 140 च्या पुढे जावं लागतं. म्हणजे वारा काम करतो ते सुकवण्याचं.

पण कडक आचेच्या रेसिपीत हे गणितच बसत नाही. 450 फॅरनहाइट म्हणजे 232 सेल्सिअस. त्यातून 14 गेले तरी 218 उरतात आणि घरातले बहुतेक एअर फ्रायर 200 ला थांबतात. तेव्हा अशा रेसिपीत वजाबाकी करत बसू नये. त्या रेसिपीला एवढी आच कशासाठी हवी आहे, ते आधी पाहावं. फ्लॉवर किंवा नीरफणसाच्या कापांना ती सुकवायला आणि रंगवायला हवी असते. तिथे सरळ 200 लावा, वारा उरलेलं काम करतो. पोईला, म्हणजे गोव्यातल्या फुगून पोकळ होणाऱ्या पावाला, मात्र ती खालून हवी असते. तिच्याकडे शेवटी येते.

वेळेतून सरसकट 20 टक्के कमी करणं तर मला सर्वांत घातक वाटतं. ओव्हनमध्ये 40 मिनिटं लागणारे बटाट्याचे बारीक तुकडे मेसेजप्रमाणे 32 मिनिटं ठेवले तर टोकं जळतात. माझ्याकडे ते 20 मिनिटांत होतात. उलट अख्ख्या कोंबडीत फारसा वेळ वाचत नाही. वारा फक्त कातडीपर्यंत पोचतो, आत उष्णता मांसातूनच हळूहळू सरकते. जाडी दुप्पट झाली की मध्यापर्यंत पोचायला जवळजवळ चौपट वेळ लागतो. म्हणून कोंबडी 180 च्या वर नेऊ नका, आणि मांडीच्या सर्वांत जाड भागात थर्मामीटर खुपसून 74 अंश दिसल्याशिवाय बाहेर काढू नका.

वहिनीचे बांगडे दोन कारणांनी बिघडले. रेशाद मसाल्यात मिरची आणि साखर असते, दोन्ही लवकर करपतात, आणि एअर फ्रायरमध्ये कॉइल पदार्थाच्या अगदी डोक्यावर असते. त्यातून सहा बांगडे एकमेकांना चिकटून ठेवले, मग वारा फिरणार कुठून? मी आता असं करते: मसाला आधी चमचाभर तेलावर परतून घ्यायचा, म्हणजे पोटात कच्चा लागत नाही. बांगडा फडक्याने आतून-बाहेरून टिपून कोरडा करायचा. मसाला आत भरायचा, वरून फक्त बोट फिरेल इतकाच. तेलाचा हात लावून एका वेळी तीन, मध्ये बोटभर जागा सोडून. 180 वर 12 मिनिटं, मध्ये एकदा उलटून, आणि शेवटी 200 वर दोन मिनिटं. शेपटीकडची कातडी कुरकुरीत होऊन कडेने सुटायला लागली की झालं.

तेलाचा थेंब नको, हे रव्याच्या बाबतीत तर अजिबात खरं नाही. चणक माशाची तुकडी कोरड्या रव्यात घोळवून टोपलीत ठेवून पाहा. सुटा रवा वाऱ्याने उडून तळाशी जमतो, आणि जो चिकटून राहतो तो पांढरा, दाताखाली वाळूसारखा लागतो. रव्याचा कण न् कण तेलाने ओला व्हावा लागतो, तरच त्याला रंग येतो. चार तुकड्यांना दोन चमचे तेल पुरतं, तळण्याच्या मानाने ते काहीच नाही. पण शून्य नाही.

आधी गरम करायचं की नाही, हे पदार्थावर आहे. कोंबडीला फरक पडत नाही. दहा मिनिटांत होणाऱ्या मासळीला पडतो, कारण त्यातली तीन मिनिटं यंत्र तापण्यातच जातात. पावसाळ्यात संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज 230 वरून 200 पर्यंत उतरतं तेव्हा कॉइलची ताकद पाऊणच उरते, मग पाच मिनिटं तापवते. एक लक्षात ठेवा, टोपली रिकामी तापवताना आत बटर पेपर ठेवू नका. तो उडून कॉइलला लागला तर पेटतो.

राहिलं ‘सगळं होतं’. बेबिंका हा गोव्याचा थरांचा गोड पदार्थ. त्याचा प्रत्येक थर वरच्या आचेवर शिजतो, पूर्वी झाकणावर निखारे ठेवत ते याचसाठी. एअर फ्रायरची कॉइलही वरच असते, म्हणून मला आशा होती. पण नारळाच्या रसातलं पातळ पीठ वाऱ्याने एका बाजूला सरकलं आणि वर सुरकुत्यांची साय धरली. फॉइल झाकलं तर वरची आचच जाते. बेबिंका ओटीजीमध्ये, म्हणजे वर-खाली कॉइल असलेल्या छोट्या ओव्हनमध्ये, फक्त वरची कॉइल लावूनच करावा.

आणि पोई. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, लाकडाच्या भट्टीत ती तापलेल्या फरशीवर पडते. खालून एकदम चटका बसतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि साल कडक व्हायच्या आधी ती फुगते. टोपलीच्या भोकांवर हा चटका नाही, आणि वारा साल आधीच सुकवून टाकतो. मी टोपलीत मावणारा लहान बिडाचा तवा 200 वर दहा मिनिटं तापवून त्यावर पोई टाकून पाहिल्या. चारातल्या दोन फुगल्या. यंत्राने याच्यापुढे काही करावं असं मी त्याच्याकडे मागत नाही. संध्याकाळी घेतलेली पोई सकाळी चिवट होते, ती मात्र हे यंत्र सुरेख परत आणतं. दोन्ही बाजूंना पाण्याचा हात फिरवा, 180 वर तीन मिनिटं. चौथ्या मिनिटाला तिचा टोस्ट होतो.