‘थांबा, एडब्ल्यूडी येतेय’ या मेसेजला माझं उत्तर

काल रात्री काकांनी फॅमिली ग्रुपवर तो मेसेज टाकला, जो मला आधीच तीन ठिकाणांहून येऊन गेलाय. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: आत्ता गाडी घेऊ नका, वर्षभरात सगळ्या एसयूव्ही नव्या रूपात येताहेत आणि सगळ्यांत एडब्ल्यूडी (इंजिनची ताकद चारही चाकांना) मिळणार, जीएसटी कमी झाल्यामुळे ती स्वस्तही पडणार, एडब्ल्यूडी असली की पावसात गाडी घसरत नाही आणि ब्रेक निम्म्या अंतरात लागतो, आणि इलेक्ट्रिकमुळे जुनी फोर बाय फोर (तीही चारही चाकांवरच, पण गरजेला हाताने जोडायची) आता भंगारात जाणार. खाली हात जोडलेले इमोजी. हे वाचून आमच्या दादाने बुकिंग कॅन्सल करायचं काढलंय, म्हणून एवढं टाइप करतोय, नाहीतर मी झोपलो असतो.

आधीच सांगतो, मी एडब्ल्यूडीच्या विरोधात नाही. सात वर्षं तीच चालवतोय, घरात त्यावरून बोलणी खाल्लीयेत, पुढची गाडीही तीच घेणार.

आता ‘सगळ्यांत येणार’ हे. ही आशा मी 2019 पासून लावून बसलोय हो! टाटाची हॅरियर आली तेव्हा तिचा प्लॅटफॉर्म, म्हणजे खालचा सांगाडा, लँड रोव्हरच्या घराण्यातला म्हणून आम्ही सगळे नाचलो होतो, की आता पुढच्या वर्षी फोर बाय फोर आलीच समजा. डिझेल हॅरियरमध्ये अजून आलेली नाही. मग 25 नोव्हेंबर 2025 ला टाटाचीच नवी सिएरा आली, जुन्या सिएराला फोर बाय फोर मिळायची म्हणून परत आशा, आणि बाजारात आली ती पुढच्या चाकांवर चालणारी. सुझुकीची ई-व्हिटारा तर आपल्या शेजारी गुजरातमध्ये हंसलपूरला बनते, बाहेरदेशी जाणाऱ्या गाडीत दोन मोटरवाली मिळते, आपल्याकडे दाखवली ती परत पुढच्या चाकांवरच. म्हणजे प्लॅटफॉर्मला जमतं आणि शोरूममध्ये मिळतं यात फार अंतर आहे. कंपनी खप बघते, आणि हा माल विकत घेणारे आपण किती, तर आपल्या इंदूरच्या छप्पनवर पोहे खाताना बोलणारे शंभर आणि चेक फाडणारे दोन. आणि जिथे मिळते तिथेही अटी असतात. थार रॉक्समध्ये फोर बाय फोर फक्त डिझेलला, स्कॉर्पिओ एनमध्येही तेच. सुझुकीची ग्रँड व्हिटारा 2022 ला आली तेव्हा ऑलग्रिप (त्यांच्या एडब्ल्यूडीचं नाव) फक्त मॅन्युअलमध्ये होती, 2025 मध्ये मॅन्युअल काढून ऑटोमॅटिक दिली, म्हणजे ज्याला जे हवं ते नेमकं नाही.

जीएसटीचं पटकन सांगतो. 22 सप्टेंबर 2025 पासून दर बदलले हे खरं, पण 18 टक्के कोणाला, तर चार मीटरच्या आतली गाडी आणि इंजिन पेट्रोलचं 1200 सीसीपर्यंत किंवा डिझेलचं 1500 पर्यंत. जिम्नी चार मीटरच्या आत बसते पण तिचं पेट्रोल इंजिन 1462 सीसीचं, म्हणून 40 टक्के. थारची 1.5 डिझेल मागच्या चाकांवर चालते, ती 18 मध्ये, आणि फोर बाय फोर हवी तर 2.2 डिझेल किंवा 2 लिटर पेट्रोल, दोन्ही 40 मध्ये. आधीपेक्षा कमी झालं, मान्य, पण मोठी सूट जिला मिळाली ती दोन चाकांवाली, हे मेसेजमध्ये कोणी लिहीत नाही.

आता ब्रेक. याच मुद्द्यावर मला खरा राग येतो कारण यात माणसं मरतात. काका, ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतो, तुमच्या जुन्या अल्टोलाही होता. एडब्ल्यूडी इंजिनची ताकद चारही चाकांना वाटते, म्हणजे काम आहे गाडी पुढे ढकलायचं. थांबवताना आणि वळणावर पकड ठेवताना जे आहे ते टायर. उलट मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या रिअर डिफरन्शियल आणि शाफ्टचं वजन वाढतं, आणि ॲव्हरेजही पडतं, 2022 च्या ग्रँड व्हिटाराच्या कागदावरच बघा, साधी मॅन्युअल 21.11 आणि ऑलग्रिप मॅन्युअल 19.38. आणि धोका असा की ओल्या रस्त्यावर चारही चाकं ओढत असली की गाडी सरळ सुटते, आपल्याला वाटतं वा काय पकड आहे, आणि मग सिमरोलच्या घाटात वळण आलं की कळतं की पकड तेवढीच होती, आपला स्पीड तेवढा वाढला होता.

माझंच सांगतो. तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये चोरलकडे एका कच्च्या रस्त्याला घुसलो, एडब्ल्यूडी आहे ना, लॉक मोड (चारही चाकांना सतत ताकद) टाकला आणि निघालो रुबाबात. आपली माळव्याची काळी माती, पाऊस पडला की टायरला अशी लपेटते की दहा फुटांत टायरची सगळी नक्षी भरून चाक गुळगुळीत गोळा होतं. चारही चाकं फिरताहेत आणि गाडी जागेवर, हळूहळू खाली. फसली. (पुण्याचे लोक रुतली म्हणतील.) शेवटी शेजारच्या शेतातल्या भियांनी (इंदुरी भाऊ) ट्रॅक्टर आणून काढली, आणि तो ट्रॅक्टर होता फक्त मागच्या दोन चाकांवर चालणारा! फरक काय, तर त्याच्या टायरला बोटभर खोल दाते आणि माझे टायर रोडचे, तेही झिजलेले. त्या भियांनी पैसे घेतले नाहीत, फक्त विचारलं, ये फोर व्हील वाली है क्या. मी नाही म्हणालो.

राहिलं इलेक्ट्रिकचं. इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. हॅरियर ईव्हीत पुढे 158 आणि मागे 238 पीएसची मोटर आहे, मधे शाफ्टच नाही, कॉम्प्युटर क्षणात ठरवतो कोणाला किती द्यायचं, आणि मोटरला शून्यापासूनच जोर असल्यामुळे हळू पण जास्त जोर देणाऱ्या लो गिअरची गरज कमी पडते. पण ती दोन मोटरवाली फक्त मोठ्या 75 किलोवॅट-अवर बॅटरीच्या गाडीत आहे, आणि दुसरी मोटर फुकट येत नाही. फोर बाय फोर भंगारात वगैरे काही जात नाही, जिम्नीतला लो रेंज (तोच लो गिअर) किंवा गुरखाचे पुढचे-मागचे डिफ लॉक (डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारे) ज्याला कामाचे आहेत तो तेच घेणार. फक्त ती कोरड्या डांबरावर फोर हायमध्ये (चारही चाकं जोडून, साध्या गिअरवर) टाकून वळवू नका, पुढची आणि मागची चाकं वळताना वेगवेगळी अंतरं कापतात आणि अशा हाताने जोडायच्या पार्ट टाइम सिस्टिममध्ये त्यांना मोकळं व्हायला जागा नसते, मग शाफ्ट पिळला जातो.

नव्या मॉडेलकडून माझी मागणी छोटी आहे, मधल्या व्हेरियंटमध्ये एडब्ल्यूडी द्या, सनरूफ काढून घ्या वाटल्यास. मिळेल असं वाटत नाही. दादा, तुझं ऑफिस विजयनगर, घर रामबाग, वर्षातून दोनदा जाम गेट, तुला थांबायची काही गरज नाही, बुकिंग राहू दे आणि वाचलेल्या पैशांत डिलिव्हरीनंतर चांगले टायर टाक.

आणि काका, तुमच्या गाडीच्या टायरवर कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. त्याचा फोटो टाका ग्रुपवर.