विसारानंतर कळलेली दुरुस्तीची वर्गणी: आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमच्या दोन तक्रारी आहेत. आमच्या दलालीतून घेतलेल्या फ्लॅटचा विसार दिल्यावर सोसायटीच्या मोठ्या दुरुस्तीची वर्गणी कळली, आणि एनओसीच्या (ना हरकत दाखल्याच्या) नावाखाली आम्ही महिनाभर लटकवलं.

पहिली चूक आमची. आमच्या माणसाने सेक्रेटरींकडून थकबाकी नसल्याचा दाखला आणला आणि फाइल पूर्ण झाली असं समजला. पण त्या दाखल्यावर फक्त मागचा हिशोब असतो. वर्गणीचा ठराव सर्वसाधारण सभेत झाला होता, त्याची प्रत जिन्याखालच्या फलकावर पाणीकपातीच्या सूचनेमागे अर्धी झाकलेली होती. मी स्वतः जाऊन पाहिली तेव्हा फार वाईट वाटलं. मालमत्तेतला किंवा मालकीतला लपलेला दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे, असं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ म्हणतं. ही वर्गणी त्यात बसते का, हा वाद वकिलांचा. सभेचं इतिवृत्त मागून वाचणं मात्र आमचंच काम होतं, दलाली त्यासाठीच घेतो. आता विसाराआधी मागच्या दोन वर्षांची इतिवृत्तं आम्ही मागतो.

दुसऱ्या तक्रारीत मात्र तुमची समजूत चुकली आहे. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, फ्लॅट हस्तांतरणाला सोसायटीचा ना हरकत दाखला लागतच नाही. तो तुमच्या बँकेला कर्जासाठी हवा होता. कमिटीने त्यासाठी 'इमारत निधी' म्हणून एक लाख मागितले. महापालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्याची (फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर होताना सोसायटी घेते त्या रकमेची) मर्यादा २५,००० रुपये आहे, ९ ऑगस्ट २००१ च्या शासन परिपत्रकापासून, आणि त्यावर देणगी मागता येत नाही. "देऊन टाका, लवकर सुटेल," असं मला त्या वेळी तिघांनी सांगितलं. मी नाही म्हटलं, लेखी पत्र दिलं, आणि शेवटी दाखला २५,००० वरच मिळाला. उशीर झाला, पण तुमचे पंचाहत्तर हजार वाचले. हे तेव्हाच फोन करून सांगायला हवं होतं, ते राहिलं. माफ करा.

वर्गणीचा पहिला हप्ता विक्रेते भरणार आहेत, तसं त्यांनी लिहून दिलंय. दुसऱ्या हप्त्याएवढी रक्कम आमच्या दलालीतून वजा करतो. सदस्यत्वाच्या अर्जाची शिक्क्यासह पोच आमच्याकडे आहे, शनिवारी घेऊन जा. शेअर सर्टिफिकेटवर तुमचं नाव चढेपर्यंत पाठपुरावा मी स्वतः करेन.