लाल दिवा म्हणजे फार इन्फ्रारेड नव्हे

दुखरं अंग शेकायच्या साधनांवरच्या एका लेखात १५० वॅटच्या लाल दिव्यालाच ‘फार इन्फ्रारेड’ (far infrared, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, लांब लहरींचे उष्णतेचे किरण) म्हटलं आहे, तिथे गल्लत झाली. त्या दिव्याची तार दोन हजार अंशांच्या वर तापते, त्यामुळे त्याचा जोर १ ते दीड मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीच्या लहरींच्या आसपास, म्हणजे निअर इन्फ्रारेडमध्ये, आखूड लहरींत. फार इन्फ्रारेड हवं तर तापणारा पृष्ठभाग त्या मानाने बराच थंड लागतो: ३०० अंशांचा सिरॅमिक एमिटर (दिव्यासारखा होल्डरमध्ये बसणारा, पण उजेड न देता तापणारा) साधारण ५ मायक्रॉनला, ५० अंशांचा कार्बन पॅड (अंगाला लावायची विजेवर तापणारी पट्टी) ९ मायक्रॉनला. गरम पाण्याची रबरी पिशवीही तिथेच बसते, फक्त तिच्या खोक्यावर तसं छापत नाहीत!

फार इन्फ्रारेड ‘चार इंच आत जातं’ या जाहिरातीवर जाऊ नका. हे किरण कातडीच्या वरच्या थरातच शोषले जातात; पुढची ऊब रक्त आणि स्नायू वाहून नेतात.

सिरॅमिक एमिटर घेतलात तर होल्डर चिनी मातीचाच हवा. प्लास्टिकचा वितळतो, बेकेलाइटचा हळूहळू करपून तडकतो. उजेड नसल्याने तो चालू आहे हे कळत नाही आणि हात भाजतो, म्हणून जाळी लावा. अंतर दीड-दोन फूट, वेळ १५ मिनिटं, बाम पुसून मगच.

कंबर-गुडघ्याला पॅड सोयीचा. थर्मोस्टॅट आणि ऑटो कट-ऑफ (आपोआप बंद होण्याची सोय) बघून घ्या. घडी घालून ठेवला की आतली तार घडीवरच तुटते किंवा तिथेच जास्त तापते. गुंडाळून ठेवावा. मधुमेहाने पाय बधिर असतील तर दोन्ही टाळा, चटका बसलेला कळतच नाही.