आता कोण बोलतंय?

शहरजाद राजाला झोपवत नव्हती, जागं ठेवत होती. अरबी सुरस कथांच्या प्रत्येक बालआवृत्तीच्या मुखपृष्ठावर ही सूचना ठळक छापायला हवी. रात्र, बिछाना आणि गोष्ट असं एकत्र दिसलं की आपल्याला वाटतं, मुलं निजवायची छान सोय आहे. प्रत्यक्षात ही मान वाचवायची सोय. राजा रोज नवी राणी करून सकाळी तिला मारणारा, गोष्ट संपली तर सकाळी सांगणारीच संपणार, म्हणून एका गोष्टीच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी. हे प्रकरण दुसरीतल्या मुलीसमोर रात्री साडेनऊला काढायचं नसतं.

आमच्याकडे ते आजीनं काढलं. व्यापारी आणि जिनाची गोष्ट अर्धी सांगून ती रत्नागिरीला निघून गेली. उरलेली माझ्या गळ्यात. व्यापाऱ्यानं खजूर खाऊन बी भिरकावली, ती लागून जिनाचा मुलगा मेला, जिन तलवार घेऊन हजर. वाटेनं तीन म्हातारे येतात, एकाबरोबर हरिणी, दुसऱ्याबरोबर दोन कुत्रे, तिसऱ्याबरोबर खेचर. प्रत्येक जण म्हणतो, माझी गोष्ट आवडली तर याचा एक तृतीयांश खून मला माफ कर. जिन कबूल होतो. लेकीनं क्षणभर हिशेब केला.

“बाबा, मी बाईंना तीन गोष्टी सांगितल्या तर गृहपाठ माफ?”

इथेच थांबायला हवं होतं. पण तिला पुढची हवी होती आणि पुढे कुबड्या होता.

एका शिंप्याकडे जेवताना कुबड्याच्या घशात माशाचा काटा अडकतो आणि तो गार पडतो. शिंपी घाबरून त्याला ज्यू वैद्याच्या दारात ठेवतो. अंधारात वैद्याचा धक्का लागून तो जिन्यावरून गडगडतो. वैद्याला वाटतं, आपणच मारला. तो त्याला शेजारच्या कारभाऱ्याकडे सोडतो, कारभारी चोर समजून बडवतो आणि बाजारात उभा करून येतो, तिथे झिंगलेला ख्रिस्ती दलाल त्याला पुन्हा बडवतो. चौघांनाही वाटतं, खून आपणच केला. सरकारी कचेरीत फाइल फिरावी तसं हे प्रेत गावभर फिरतं. इथपर्यंत लेक खदखदून हसत होती आणि मी मनात दिवा मालवत होतो.

मग राजा म्हणतो, याहून नवलाची गोष्ट सांगा, नाहीतर सगळे फासावर.

दलाल सांगतो, कारभारी सांगतो, वैद्य सांगतो. शिंप्याच्या गोष्टीत एका मेजवानीला एक लंगडा तरुण येतो आणि तिथे बसलेल्या न्हाव्याला बघून आपली कहाणी सांगतो. बगदादमध्ये काझीच्या मुलीला शुक्रवारी चोरून भेटायचं म्हणून त्यानं हजामतीला न्हावी बोलावलेला असतो. न्हावी वस्तरा बाजूला ठेवतो, अ‍ॅस्ट्रोलेब, म्हणजे सूर्य-तारे मोजायचं यंत्र, काढतो, अंगणात जाऊन सूर्य मोजतो आणि मुहूर्त सांगतो. मग स्वतःचे गुण सांगतो. त्यातला मुख्य गुण म्हणजे मितभाषीपणा. पुढे हा माणूस काझीच्या घरापर्यंत मागे येतो, आरडाओरडा करून गाव गोळा करतो आणि त्या धांदलीत तरुणाचा पाय मोडतो.

“आता कोण बोलतंय?” अंधारातून प्रश्न.

मी बोटं मोजली. शहरजाद राजाला सांगतेय की शिंपी दुसऱ्या राजाला सांगतोय की न्हावी मेजवानीत सांगत होता की त्यानं एकदा खलिफाला सांगितलं होतं... बायको दारात उभी होती. “निजवायला आलायस की जागवायला?”

खलिफाचा किस्सा मात्र मला मनापासून आवडतो. दहा जणांना नावेतून नेताना पाहून न्हाव्याला वाटतं सहल आहे, आणि तो फुकट जेवायच्या आशेनं चढतो. ते दरोडेखोर निघतात. जल्लाद दहा मुंडकी उडवतो, अकरावा हा शिल्लक. ‘तू आधी बोलला का नाहीस?’ तर म्हणे, मी मितभाषी ना! आणि ते सिद्ध करायला तो सहा भावांच्या सहा गोष्टी सुरू करतो.

सहा! मी चौथ्यावरून थेट सहाव्यावर उडी मारली. पकडला गेलो. पाचवा भाऊ काचेची भांडी विकता विकता वजिराचा जावई व्हायचं स्वप्न बघतो आणि मानिनी बायकोला लाथ मारायच्या नादात टोपलीच उडवतो. हा पंचतंत्रातल्या सातूच्या पिठाच्या ब्राह्मणाचा सख्खा चुलतभाऊ, तेव्हा गाळण्यासारखा नव्हताच.

या कथांचं जे जुनं सीरियन हस्तलिखित पॅरिसमध्ये जपलंय, ते 282व्या रात्री, गोष्ट अर्धी असतानाच थांबतं. विद्वान काय म्हणायचं ते म्हणोत, तो नकलकार लहान मुलाचा बाप असावा असा माझा कयास आहे. आपल्याकडे गौरी देशपांड्यांनी रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी भाषांतराचे 16 खंड मराठीत आणले. ते माझ्या कपाटात सगळ्यात वर आहेत. एक तर ते मुलांसाठी नाहीत, आणि मुख्य म्हणजे अजून किती उरलंय ते लेकीला खंडांवरून कळेल.

शेवटी राजा त्या न्हाव्यालाच बोलावतो. न्हावी कुबड्याकडे बघून हसत सुटतो, चिमट्यानं घशातला काटा ओढतो, कुबड्या शिंकतो आणि उठून बसतो. राजा इतका खूश होतो की न्हाव्याला पगार बांधून कायमचा दरबारात ठेवतो.

लेक बराच वेळ गप्प. मी श्वास रोखून पायाच्या अंगठ्यावर उभा.

“त्या राजाला,” ती म्हणाली, “सकाळी ऑफिस नसणार.”