काँक्रीट जाड केलं म्हणून खडक ऐकत नाही

‘फुगणाऱ्या खडकातल्या बोगद्याचा उगाच बाऊ करू नका. आतलं काँक्रीटचं अस्तर जाड टाका, खनिज ६१ टक्के फुगतं तो आकडा मॉडेलमध्ये भरा, वर्षभर मोजमापं घ्या. खडक किती फुगेल त्याचा शंभर वर्षांचा आलेख तयार.’ अभियंत्यांच्या ग्रुपवर हा मजकूर फिरतोय. यातला ६१ टक्क्यांचा भाग तेवढा खरा, आणि तोच सगळ्यात जास्त फसवतो.

हे खनिज म्हणजे अॅनहायड्राइट, पाणी नसलेलं कॅल्शियम सल्फेट. पाणी घेऊन त्याचं जिप्सम होताना घन भागाचं आकारमान साधारण ६१ टक्के वाढतं, कबूल. पण हिशेबात पाणी धरा की! एक मोल अॅनहायड्राइट ४६ घन सेंटिमीटर, त्याला लागणारं पाणी ३६, बेरीज ८२. तयार होणारं जिप्सम ७४-७५. म्हणजे पाणी जागेवरचंच असेल तर एकूण जागा उलट कमी लागते. खडक फुगतो तो पाणी बाहेरून आलं तर. ते कुठल्या भेगेतून येणार, खोदकामानं किती नव्या वाटा उघडल्या, यावर सारं ठरतं. त्यात नवं जिप्सम कधी अॅनहायड्राइटवरच थर धरतं आणि पाण्याची वाट बुजवतं. ६१ मध्ये यातलं काय दिसतं?

आता वर्षभराची मोजमापं. अभियंते ग्रोब यांचं फुगणाऱ्या खडकाचं १९७२ चं सूत्र स्वित्झर्लंडच्या बेल्खेन बोगद्याच्या निमित्तानं आलं. ते दाब आणि अखेरचा फुगवटा यांचं नातं सांगतं. काळ त्यात नाहीच. चिकणमातीच्या खडकाला (आपल्या काळ्या मातीला भेगा पाडणारी खनिजं त्याच कुळातली) ते बऱ्यापैकी लागू पडतं. अॅनहायड्राइटचे नमुने मात्र प्रयोगशाळेतही वर्षानुवर्षं फुगत राहतात. पहिल्या वर्षाची रेघ पुढे ओढणं म्हणजे मृगाच्या सरीवरून सुगीचा अंदाज बांधणं.

जाड अस्तराचं उत्तर जर्मनीत लिओनबर्गजवळ मिळतं. तिथला एंगेलबर्ग बोगदा १९९९ मध्ये सुरू झाला. अॅनहायड्राइटच्या पट्ट्यात अस्तर ३ मीटरपर्यंत जाड, तरी खडकाच्या दाबानं ते बिघडलं आणि वीसेक वर्षांत मोठी दुरुस्ती काढावी लागली. स्वित्झर्लंडमध्ये झिसाखच्या बोगद्यात उलटा मार्ग धरला: रस्त्याखाली दबणारे आधार ठेवून खडकाला वर यायला जागाच दिली.

आणि माणसाची ढवळाढवळ कुठल्या आलेखात बसवणार? जर्मनीतल्याच श्टाउफेनमध्ये २००७ साली जमिनीतली उष्णता वापरण्यासाठी बोअर घेतले. खालचं पाणी अॅनहायड्राइटच्या थरात शिरलं आणि गावाचा मध्यभाग सुरुवातीला महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वर उचलला जाऊ लागला. बोअर बुजवून पाणी उपसायला घेतल्यावर तो वेग घटला.