प्रेमाच्या गाण्यांनी इंग्रजी बिघडतं म्हणे!

आज डोकं फिरलंय, त्यामुळं लांबलचक लिहिणार आहे.

भाची संध्याकाळी क्लासवरून आली ती तोंड पाडूनच. ग्रामरच्या वहीच्या मागच्या पानांवर तिनं गाणी उतरवून घेतली होती. अमेरिकन कंट्री, म्हणजे तिकडच्या गावाकडच्या ढंगाची, जुनी, सगळी प्रेमाची. सरांनी ती पानं अख्ख्या बॅचसमोर वाचून दाखवली आणि म्हणाले, "असली थेरं करून इंग्रजी येत नसतं." पोरं फिदीफिदी हसली. "आत्या, मी त्या क्लासला परत जाणार नाही," म्हणतीय.

ही गाणी तिला आबांनी दिली. आबा म्हणजे माझे वडील. सातवी शिकलेले, सगळा जन्म उद्यमनगरातल्या फौंड्रीत गेला. मी शाळेत असताना जिम रीव्ह्जची एक कॅसेट घरात आली. गायक होण्याआधी हा माणूस रेडिओवर निवेदक होता, त्यामुळं एकेक शब्द सुटा आणि स्वच्छ. त्याचं 1959 सालचं 'हील हॅव टू गो' लागलं की आबा हातातलं काम ठेवायचे. एक माणूस आपल्या बाईला फोन करतोय आणि तिच्याजवळ दुसरा कुणीतरी बसलाय. तो तिला नेमकं काय सांगतोय, हे आबांना कळल्याशिवाय चैन पडायची नाही. कॅसेट मागं घ्यायची, परत ऐकायची. 'हॅव टू' कुठं वापरायचं हे त्यांना कुणी फळ्यावर लिहून दिलं नव्हतं.

मग विली नेल्सन. 1982 चं 'ऑलवेज ऑन माय माइंड'. तुला जपायला हवं होतं, चार शब्द बोलायला हवे होते, ते राहून गेलं, असं तो तिला सांगतोय. 'शुड हॅव', 'कुड हॅव' गाण्यात ठासून भरलेत. आबांना अख्खं पाठ.

पुढं एकदा फौंड्रीत परदेशी गिऱ्हाईक आलं. कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायू अडकून पडलेली भोकं, निघाले होते, माल परत जायची वेळ. मालक गप्प, इंजिनिअर गप्प. आबा पुढं झाले आणि इंग्रजीत म्हणाले, वाळूतली ओल आम्ही आधी तपासायला हवी होती. 'शुड हॅव' आणि पुढं क्रियापदाचं तिसरं रूप, अगदी बिनचूक. कुठून आलं ते? प्रेमाच्या गाण्यातून आलं, सर!

हां, मान्य, त्या गाण्यांत 'एन्ट' असतं, 'ही डोन्ट' असतं, पेपरात लिहिलं तर मार्क जातील. जाऊ देत.

राग वेगळ्याच गोष्टीचा येतोय. गाण्यात प्रेम आहे म्हणून ते वाईट, हे कोल्हापुरात बसून बोलायचं? जगदीश खेबुडकर पेशानं शिक्षक होते. त्याच मास्तरांनी लावण्या लिहिल्या आणि आपण सगळे त्या गुणगुणत मोठे झालो. कुणाचं मराठी बिघडलं? मराठीत रुसायचं कसं, विनवायचं कसं, हे आपल्याला व्याकरणाच्या पुस्तकानं शिकवलं का? मग इंग्रजीला तेवढं सोवळं कशाला?

पोरीच्या वहीत डॉली पार्टनचं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' पण आहे. ते प्रियकराला सोडताना लिहिलेलं नाही. ज्या पोर्टर वॅगनरच्या कार्यक्रमानं तिला नाव दिलं, त्याच्यापासून वेगळं होताना तिनं ते लिहिलं. 1974 साली आलं. सुरुवातच 'इफ'नं, लगेच पुढं 'वुड'. पोरीनं दोन्हींखाली पेन्सिलनं रेघ मारलीय. बाजूला स्वतःचं एक वाक्य, 'इफ'नंच सुरू होणारं, आजोबांवर. ते इथं लिहीत नाही, तिचं आहे. पण एकही चूक नाही त्यात. सरांनी ते पान वाचलं नाही, किंवा वाचून सोडून दिलं.

आबांना सगळं सांगितलं. जरा वेळानं म्हणाले, "मला दुसरा मास्तर मिळालाच नव्हता गं." हे ऐकल्यापासून मघाचा संताप उतरलाय, पण जीव नुसता तुटतोय.

उद्या मी क्लासला जाणार आहे, वही घेऊन. भांडायला नाही. सरांना ते वाक्य दाखवणार आणि पोरीची माफी मागा म्हणणार, तीही बॅचसमोरच.

आणि हो, कुणाच्या माळ्यावर जिम रीव्ह्जच्या कॅसेट पडल्या असतील तर भंगारात घालू नका. आबांची झिजलीय. मला मेसेज करा, गावात कुठंही असलात तरी येऊन घेऊन जाईन.