वेगळ्या तासाची गरज आहे का?

मुलांच्या सामाजिक-भावनिक कौशल्यांसाठी, म्हणजे भावना ओळखणं, इतरांशी जुळवून घेणं यासाठी, शाळेच्या वेळापत्रकात वेगळा तास हवा, असं नुकत्याच वाचलेल्या एका लेखात म्हटलंय. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ पासून हॅपिनेसचा तास सुरू झाला, ते चांगलंच. पण मी पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका शाळेत बावीस वर्षं दुसरी-तिसरीला शिकवलं. माझा अनुभव असा, की भांडण तासाची वाट बघत नाही. ते मधल्या सुट्टीत, नळावर होतं.

एकदा कंपासपेटीवरून दोन पोरं हातघाईवर आली. आधी मी नेहमीसारखं "सॉरी म्हण" केलं असतं. त्या दिवशी दोघांना फळ्याजवळ नेलं आणि विचारलं, "नक्की काय वाटलं?" एक म्हणाला, "राग आला." मी गप्प राहिले. बऱ्याच वेळाने पुटपुटला, "त्याने मला गटात घेतलं नाही ना." म्हणजे राग नव्हताच, पोरगं हिरमुसलं होतं! मग फळ्यावर शब्द लिहायला लागलो: खट्टू, रुसणं, ओशाळणं, धास्ती, हेवा. हल्लीच्या मुलांकडे सगळ्याला "बोअर" आणि "मूड ऑफ" एवढेच दोन शब्द. (आमच्या सुनेकडेही!)

अडचण एवढीच की शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय आणि माझ्या वर्गात बावन्न होती. बावन्न जणांना "काय वाटलं?" विचारायचं कधी? लेखात यावर एक ओळही नाही.